पहिल्या नंबरची हमी

कुपवाड एमआयडीसीत वर्कशॉप चालवणाऱ्या माझ्या मित्राने वेबसाइट ‘पहिल्या नंबरवर’ आणायला एका एजंटाला बारा हजार दिले. नंबर आला नाही. मी साइट उघडली, तर सगळी माहिती पोस्टरच्या चित्रांत! सर्च इंजिन मुख्यतः मजकूर वाचते. आम्ही प्रत्येक कामाचे वेगळे पान केले, नेमके शीर्षक दिले, मराठी-इंग्रजीत साधे लिहिले, फोटो हलके केले. सर्च कन्सोल फुकट आहे. लोक कोणत्या शब्दांवरून येतात ते तिथे कळते. तीन महिन्यांनी पहिली चौकशी आली.

मित्रांनो, पहिल्या नंबरची हमी कोणीच देऊ शकत नाही, हे गूगल स्वतःच सांगते. मिरजेच्या सतारीला जीआय मानांकन २०२४ मध्ये मिळाले. नाव मात्र कारागिरांच्या पिढ्यांनी कमावले. वेबसाइटचेही तसेच.