वादळ क्षीण झाले, पाणी यावयाचे आहे

चक्रीवादळाच्या वार्तेचा क्रम आता सर्वांच्या परिचयाचा झाला आहे. समुद्रात वादळ उत्पन्न होते, त्यास नाव मिळते, ते किनाऱ्यावर आदळते, झाडे नि विजेचे खांब उन्मळतात; आणि मग एके सकाळी ‘वादळ क्षीण झाले’ एवढे वाक्य छापून येते व वाचक पान उलटतो. आमचे म्हणणे असे की, बालाघाटच्या वाचकाने निदान याच वाक्यापाशी पान उलटू नये.

पूर्वेचा समुद्र येथून पाचशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे. वादळाचा वारा एवढा पल्ला क्वचितच गाठतो. पाण्याचे मात्र तसे नाही. वादळास बळ मिळते ते उबदार समुद्राच्या वाफेतून. जमिनीवर चढताच तो पुरवठा तुटतो, वारा मंदावतो, आणि वेग ताशी ६२ किलोमीटरांच्या खाली उतरला की हवामान खाते त्यास चक्रीवादळ म्हणत नाही. पण आधी शोषलेली वाफ जाते कोठे? ती ढगांतच असते. असे मंदावलेले वादळ पुष्कळदा एकाच मुलखावर रेंगाळते, आणि सातपुडा-मैकलच्या डोंगरांस अडून वर चढलेली हवा थंड होऊन तेथेच रिती होते. त्यातून पावसाळ्याच्या अखेरीस भूमी तृप्त असते, तलाव-बोड्या काठोकाठ असतात. पडलेला थेंब मुरण्यास जागाच नसते. धावत्या वादळाहून रेंगाळणारे वादळ आम्हांस अधिक भयावह वाटते, ते यामुळे.

सन २०२१ चे ‘गुलाब’ आठवावे. ते २६ सप्टेंबर रोजी कलिंगपट्टणमजवळ आंध्रच्या किनाऱ्यावर चढले आणि लौकरच वादळाची पदवी गमावून बसले. तरी दोनच दिवसांनी, समुद्रापासून इतक्या दूर असलेल्या मराठवाड्यात मांजरा नदीने काठ सोडला. लातूर, बीड व उस्मानाबाद (आजचे धाराशिव) जिल्ह्यांत शेते बुडाली, माणसे हेलिकॉप्टरने उचलावी लागली. त्याच २८ तारखेस यवतमाळ जिल्ह्यात उमरखेडजवळ पुलावरून वाहणाऱ्या पाण्यात एस. टी. ची गाडी वाहून गेली. आणि ज्यास आपण मृत समजत होतो त्याच ‘गुलाब’चे अवशेष अरबी समुद्रात उतरून ‘शाहीन’ या नावाने पुन्हा उभे राहिले व ३ ऑक्टोबरला ओमानवर जाऊन आदळले! चीनमधील १९७५ चा प्रसंग याहून भीषण. ‘नीना’ नावाचे वादळ किनारा ओलांडून क्षीण होत हेनान प्रांतात पोचले, तेथे एका दिवसात १००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस झाला, आणि बानचियाओ धरण फुटून हजारो माणसे प्राणांस मुकली.

आपल्या वैनगंगेस तर नाव असलेले वादळही लागत नाही. २०२० च्या ऑगस्टअखेर मध्य प्रदेशावर अतिवृष्टी झाली ती केवळ कमी दाबाच्या क्षेत्रामुळे. शिवनी जिल्ह्यातील संजय सरोवराचे दरवाजे उघडावे लागले. ते पाणी आपल्या जिल्ह्यातून खाली उतरले. पुढे गोसेखुर्दचे सर्व ३३ दरवाजे उघडले, आणि भंडाऱ्यापासून गडचिरोली-चंद्रपूरपर्यंत गावे पाण्यात गेली. नदीस राज्याची सीमा ठाऊक नसते. म्हणून वरच्या धरणाचे दरवाजे केव्हा उघडणार, ही वार्ता खालच्या गावास पाण्याच्या आधी पोचली पाहिजे, पाण्याबरोबर नव्हे. आणि ती कागदावर नव्हे, दवंडीने नि भोंग्याने पोचली पाहिजे.

आमची मातृभाषा कोकणी. बंदरावर धोक्याचा बावटा चढला की होडी वाळूवर ओढावयाची, हे तिकडील लहान पोरासही कळते. बालाघाटला बावटा नाही. येथे विद्यार्थ्यांनी स्वतःच आकडे वाचावयास शिकावे: चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरांवर पाऊस म्हणजे जोरदार, २०४.५ वर म्हणजे अत्यंत तीव्र अतिवृष्टी. वाऱ्याचा वेग वाचून सुस्कारा सोडण्यापेक्षा वरच्या अंगास शिवनीकडे किती पाऊस पडला, हे पाहणे आपल्या अधिक उपयोगाचे.

राहिला रपट्याचा प्रश्न, आणि आमच्या मते तोच सर्वांत निकडीचा. आपल्या शाळांत येणारी कित्येक मुले नाले ओलांडून येतात. वेगाने वाहणारे वीतभर पाणी मोठ्या माणसाचा पाय उपटते, दीड वीत पाणी लहान मोटार हलविते. असे असता मुलगा पाण्यात का उतरतो? पुष्कळदा धिटाईने नव्हे, तर हजेरीच्या धाकाने, चाचणी बुडेल या भयाने. हा धाक आम्ही शिक्षकांनीच घातला आहे आणि आम्हीच तो काढू शकतो. रपट्यावर पाणी असेल त्या दिवशीची गैरहजेरी हजेरीपटात धरू नये, चाचणी पुन्हा घ्यावी, आणि दुपारी पाणी चढले तर पलीकडच्या मुलांस घरी न सोडता गावातील पालकांनी रात्रीपुरते ठेवून घ्यावे. यास ना निधी लागतो, ना वरून हुकूम. कोणत्या घरी किती मुले राहू शकतील, याची यादी जून महिन्यातच शाळेच्या फळ्याशेजारी लागावी.