साडेसात लाखांची वेस

गुणवंत विद्यार्थ्याचे उच्च शिक्षण केवळ पैशांअभावी अडू नये, हे तत्त्व आज कोणीही नाकारत नाही. मतभेदाला प्रारंभ होतो तो हे तत्त्व बँकेच्या खिडकीपर्यंत पोहोचल्यावर. केंद्रीय मंत्रिमंडळाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी ‘प्रधानमंत्री विद्यालक्ष्मी’ योजनेला मान्यता दिली. देशातील निवडक ८६० दर्जेदार संस्थांत प्रवेश मिळवणाऱ्या विद्यार्थ्याला तारणाविना आणि जामीनदाराविना कर्ज, साडेसात लाख रुपयांपर्यंतच्या कर्जाला केंद्राची ७५ टक्के पतहमी, आणि ज्यांचे कौटुंबिक उत्पन्न आठ लाखांच्या आत आहे अशांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजात तीन टक्के सवलत, असे तिचे स्वरूप आहे. २०२४-२५ ते २०३०-३१ या काळासाठी ३,६०० कोटी रुपयांची तरतूद झाली. योजना चांगली आहे, तिच्यामागील हेतू निःसंशय शुद्ध आहे. प्रश्न एवढाच की, यवतमाळ जिल्ह्यातील मारेगावसारख्या तालुक्यात बसून या योजनेकडे पाहिले असता ती कशी दिसते?

मारेगाव हा वणीच्या शेजारचा, कापूस, सोयाबीन आणि तुरीवर जगणारा कोरडवाहू तालुका. गोंड आणि कोलाम बांधवांची लक्षणीय वस्ती असलेला. शेतकरी आत्महत्यांच्या बातम्यांतून याचे नाव महाराष्ट्राला वारंवार ऐकावे लागले, हे दुर्दैव. परंतु या तालुक्याची दुसरी बाजू क्वचितच छापून येते. येथील घराघरांत मुलाला, आणि आता मुलीलाही, अभियांत्रिकीला, परिचर्येला, औषधनिर्माणशास्त्राला पाठवण्याची जिद्द आहे. शेतीने जे दिले नाही ते शिक्षण देईल, ही श्रद्धा येथे पुस्तकी नाही, ती अनुभवातून आलेली आहे. अशा घरातील विद्यार्थी बारावीनंतर अमरावती, नागपूर किंवा पुण्याची वाट धरतो तेव्हा शुल्क, खोली, खानावळ आणि प्रवास या चार खर्चांची बेरीज त्याच्या वडिलांच्या वार्षिक उत्पन्नाच्या पुढे जाते. तेथून पुढे बँकेचा दरवाजा येतो.

या दरवाजाचा इतिहास समजून घेणे आवश्यक आहे. अटलजींच्या काळात अर्थमंत्री यशवंत सिन्हा यांनी २००१-०२च्या अर्थसंकल्पात शैक्षणिक कर्जाची सर्वंकष योजना मांडली आणि भारतीय बँक संघाच्या आदर्श योजनेच्या रूपाने ती सर्व बँकांपर्यंत गेली. देशांतर्गत शिक्षणासाठी साडेसात लाख आणि परदेशासाठी पंधरा लाख अशी कमाल मर्यादा होती. चार लाखांपर्यंत तारण नको, त्यापुढे साडेसात लाखांपर्यंत तिऱ्हाइताची हमी हवी, अशी तिची रचना होती. त्या काळी साडेसात लाख ही मोठी रक्कम होती. एखाद्या चांगल्या अभ्यासक्रमाचा सर्व खर्च तीत भागत असे. पुढे कमाल मर्यादा दहा लाख आणि परदेशासाठी वीस लाख झाली. २०१५मध्ये केंद्राने पतहमी निधी उभारला आणि साडेसात लाखांपर्यंत तारण अथवा तिऱ्हाइताची हमी मागण्याची गरज बँकांना उरली नाही. हे मोठे पाऊल होते. मात्र ध्यानात घ्यावयाचे ते असे की, २००१मध्ये जी कर्जाची परमावधी होती तीच २०१५मध्ये विनातारण कर्जाची वेस झाली आणि २०२४च्या नव्या योजनेतही पतहमी साडेसात लाखांवरच थांबली. शिक्षणाचा खर्च या दोन तपांत कुठल्या कुठे गेला, हे कोणत्याही पालकाला सांगावे लागत नाही.

विद्यार्थी त्या ८६० संस्थांच्या यादीत नसलेल्या महाविद्यालयात असेल, तर साडेसात लाखांच्या पुढे त्याला तारण द्यावे लागते. आणि येथे मारेगावचा शेतकरी खऱ्या अर्थाने कोंडीत सापडतो. त्याच्यापाशी संपत्ती आहे, पण ती जमीन आहे. थकीत कर्जाच्या वसुलीसाठी बँकांच्या हाती जे प्रभावी शस्त्र आहे, तो २००२चा सरफेसी कायदा. त्याच्या कलम ३१ने शेतजमिनीला त्या कायद्याच्या कक्षेतून वगळले आहे. शेतकऱ्याची जमीन परस्पर लिलावात जाऊ नये, हा त्यामागील उदात्त हेतू. परिणाम असा की, शैक्षणिक कर्जासाठी शेतजमिनीचे तारण बँकेला नकोसे वाटते. त्यातून सातबाऱ्यावर पीककर्जाचा बोजा आधीच चढलेला असतो. जमीन आदिवासी बांधवाची असेल, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेतील हस्तांतरणावरील निर्बंध आणखी आडवे येतात. जो कायदा त्याच्या रक्षणासाठी झाला, तोच त्याच्या मुलाच्या कर्जाआड उभा राहतो. शहरातील नोकरदाराची सदनिका मात्र तारण म्हणून हसतमुखाने स्वीकारली जाते. दोन एकर काळ्या जमिनीच्या मालकाला पत नाही आणि दोन खोल्यांच्या मालकाला आहे, असा हा उफराटा न्याय आहे.

पित्याचे पीककर्ज थकलेले असेल तर तेही मुलाच्या वाट्याला येते, कारण शैक्षणिक कर्जात पालक सहकर्जदार असतो आणि बँक त्याचा पतगुणांक पाहते. वस्तुतः आदर्श योजनेचा मूळ दृष्टिकोन असा की, कर्ज मंजूर करताना विद्यार्थ्याच्या भावी उत्पन्नाचा विचार व्हावा. केरळ उच्च न्यायालयाने एकाहून अधिक निकालांत हेच सांगितले आहे. पतगुणांक कमी आहे एवढ्यावरून शैक्षणिक कर्ज नाकारता येणार नाही. पाऊस पडला नाही, बोंडअळी आली, कापसाचा भाव पडला, यांपैकी कशाचा संबंध मुलाच्या गणितातील बुद्धीशी आहे?

आता यादीकडे वळू. उच्च शिक्षणाच्या अखिल भारतीय सर्वेक्षणानुसार २०२१-२२मध्ये देशात १,१६८ विद्यापीठे आणि ४५,४७३ महाविद्यालये होती. विद्यार्थी होते ४ कोटी ३३ लाख. नव्या योजनेच्या ८६० संस्थांमधील विद्यार्थी शासनाच्याच अंदाजाने २२ लाख. म्हणजे ढोबळमानाने शंभरातील पाच. व्याजसवलत तर दरवर्षी एक लाख विद्यार्थ्यांनाच. यादी राष्ट्रीय क्रमवारीवरून ठरते: पहिल्या शंभरातील संस्था, राज्य शासनाच्या १०१ ते २०० क्रमांकांतील संस्था आणि केंद्र शासनाच्या सर्व संस्था. अशा संस्थेत जो पोहोचला, त्याला कर्ज देण्यास बँक पूर्वीही तयार असे, कारण त्याची नोकरी जवळपास निश्चित मानली जाते. ज्याला खरोखर हात हवा तो विद्यार्थी यवतमाळच्या वा अमरावतीच्या साध्या महाविद्यालयात शिकतो. गुणवत्तेचा सन्मान व्हावाच. पण क्रमवारी संस्थेची लागते आणि लाभ मात्र विद्यार्थ्याच्या पदरातून वजा होतो, हे तर्काला धरून नाही.

साडेचार लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांसाठी २००९पासून चालू असलेली व्याज अनुदान योजना या दृष्टीने अधिक उदार आहे, हे मान्य केले पाहिजे. तांत्रिक आणि व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शिक्षणकाळ आणि त्यानंतरचे एक वर्ष एवढ्या अवधीचे संपूर्ण व्याज केंद्र शासन भरते. तिचे मोल आकड्यांत पाहावे. समजा, चार वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी दरवर्षी अडीच लाख याप्रमाणे दहा लाखांचे कर्ज दहा टक्के व्याजाने उचलले. पाचव्या वर्षाअखेर सरळव्याजाने साडेतीन लाख रुपये केवळ व्याजाचे साचतात. ते शासनाने भरले नाहीत, तर साडेतेरा लाख फेडण्यासाठी पंधरा वर्षे दरमहा सुमारे साडेचौदा हजारांचा हप्ता येतो. शासनाने भरले, तर तोच हप्ता पावणेअकरा हजारांच्या घरात राहतो. पहिली नोकरी पंचवीस हजारांची मिळालेल्या, आणि गावाकडे पैसे पाठवणाऱ्या तरुणाला हा फरक म्हणजे तरणे आणि बुडणे यांतील फरक आहे. किती पालकांना ही योजना ठाऊक आहे, हा प्रश्न कोणत्याही ग्रामसभेत विचारून पाहावा.

मग मर्यादा सरसकट वाढवावी काय? वीस लाख, तीस लाख करावी काय? अशी मागणी सोपी आहे आणि टाळ्या मिळवणारी आहे. परंतु अमेरिकेचा अनुभव डोळ्यांपुढे ठेवावा. तेथे २००६पासून पदव्युत्तर विद्यार्थ्याला महाविद्यालय सांगेल तेवढ्या खर्चाइतके संघराज्य शासनाचे कर्ज मिळू लागले. शुल्क वाढत गेले, कर्ज वाढत गेले. आज तेथील विद्यार्थ्यांच्या डोक्यावर दीड लाख कोटी डॉलरहून अधिक ऋण आहे. सुलभ कर्जामुळे महाविद्यालयांना शुल्कवाढीचे धाडस होते, हा आरोप तेथील शिक्षणमंत्री विल्यम बेनेट यांनी १९८७मध्येच केला होता. अखेर ४ जुलै २०२५ रोजी स्वाक्षरी झालेल्या कायद्याने ती अमर्याद कर्जयोजना १ जुलै २०२६पासून नव्या कर्जदारांसाठी बंद करण्याचे ठरले आणि पदव्युत्तर शिक्षणाला एकूण एक लाख, तर वैद्यकासारख्या व्यावसायिक शिक्षणाला दोन लाख डॉलर अशी वेस घातली गेली. शुल्कवाढ आणि सुलभ कर्ज यांचे नेमके नाते काय, याविषयी तेथील अर्थशास्त्रज्ञांत वाद आहेत. पण ज्या देशाने हात सैल सोडला त्यालाच तो आवळावा लागला, एवढे तर स्पष्ट आहे.

आपल्याकडे गुंता निराळा आहे. शिक्षण हा विषय ४२व्या घटनादुरुस्तीने राज्यसूचीतून समवर्ती सूचीत गेला. खासगी व्यावसायिक महाविद्यालयांचे शुल्क राज्याचे शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते. कर्जाची मर्यादा मात्र केंद्र आणि बँका ठरवतात. शुल्क वाढवणाऱ्याला कर्जाची चिंता नाही आणि कर्ज देणाऱ्याला शुल्काचे सोयरसुतक नाही. केवळ मर्यादा वाढवली तर वाढीव रक्कम विद्यार्थ्याच्या हातून थेट संस्थाचालकाच्या तिजोरीत जाईल. म्हणून वेस उंच करण्यापेक्षा दार रुंद करावे, असे आमचे मत आहे. दहा लाखांची मर्यादा मारेगावच्या विद्यार्थ्याला बहुतांश अभ्यासक्रमांसाठी पुरेशी आहे. पतहमी मात्र साडेसातऐवजी दहा लाखांपर्यंत हवी, आणि ती क्रमवारीवर नव्हे तर मूल्यांकनप्राप्त अभ्यासक्रमावर आधारलेली हवी.

यावर एक आक्षेप गंभीरपणे घेतला पाहिजे. सुमार महाविद्यालयांसाठी कर्ज सोपे केले, तर पदवी हाती आणि नोकरी नाही अशा तरुणांवर कर्जाचा डोंगर चढेल. आक्षेप खरा आहे, आणि व्याज अनुदान मूल्यांकनप्राप्त संस्था व अभ्यासक्रमांपुरते मर्यादित करण्याचा २०१८चा निर्णय याच कारणाने योग्य होता. मूल्यांकनही निष्कलंक राहिलेले नाही. फेब्रुवारी २०२५मध्ये नॅकच्या पाहणी समितीतील सदस्यांनाच लाचप्रकरणी केंद्रीय अन्वेषण विभागाने अटक केली. पण तराजू खोटा निघाला तर तराजू दुरुस्त करावा लागतो, गिऱ्हाइकाला उपाशी ठेवून चालत नाही. शिवाय सरकारी बँकांच्या शैक्षणिक कर्जांतील थकबाकीचे प्रमाण २०२१नंतर घटत गेले आहे. आपला विद्यार्थी कर्जबुडवा नाही.

विद्यार्थ्याच्या भवितव्यावर विश्वास ठेवण्याची परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. १९१३मध्ये बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी भीमराव आंबेडकर या तरुणाला कोलंबिया विद्यापीठातील शिक्षणासाठी तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. करारातील अट होती ती शिक्षणानंतर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याची. मोबदला मागितला तो त्या तरुणाच्या भावी कर्तृत्वातून. आमच्याच वऱ्हाडात डॉ. पंजाबराव देशमुखांनी श्रद्धानंद छात्रालय उभे केले ते जातिभेदाला थारा न देता. पुण्यात विद्यार्थी साहाय्यक समिती १९५५पासून ग्रामीण मुलांच्या निवासाची व्यवस्था करीत आली आहे. समाजाने उचललेला हा भार शासनाच्या कर्जाची गरज कमी करतो. मुक्काम आणि जेवण सुटले की निम्मे ओझे उतरते. महाराष्ट्र शासनाने जुलै २०२४मध्ये आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शुल्क पूर्ण माफ केले, तेव्हापासून अशा मुलीचा प्रश्न प्रायः निवास-भोजनापुरताच उरला आहे. वणीत किंवा यवतमाळात मुलींचे एखादे चांगले वसतिगृह समाजाने चालवले, तर कित्येक घरांना बँकेची पायरी चढावीच लागणार नाही.

ज्यांना चढावी लागेल त्यांनी आपले अधिकार जाणून घ्यावेत. आदर्श योजनेनुसार शैक्षणिक कर्जाचा अर्ज शाखाधिकारी स्वतःच्या अखत्यारीत फेटाळू शकत नाही. त्याला वरिष्ठांची संमती लागते. निर्णय साधारणतः पंधरा दिवस ते एक महिन्यात द्यावयाचा असतो. पालकाचे गाव शाखेच्या सेवाक्षेत्राबाहेर आहे, हे नकाराचे कारण होऊ शकत नाही. अर्ज तोंडी देऊन तोंडी नकार घेऊन परतणाऱ्या पालकाची कोठेही नोंद राहत नाही. म्हणून अर्ज विद्यालक्ष्मी संकेतस्थळावर करावा, त्याची पोच जपून ठेवावी आणि नकार लेखी मागावा. आणि राज्यस्तरीय बँकर्स समितीने जिल्हावार कर्जाचे आकडे जाहीर करून थांबू नये. प्रत्येक तालुक्यात किती अर्ज आले, किती फेटाळले गेले आणि कोणत्या कारणाने, हे दर तिमाहीस प्रसिद्ध करावे. मारेगावचा आकडा त्यात पहिल्यांदा छापला जाईल, तेव्हा तो लोकप्रतिनिधींनी आणि विद्यार्थी संघटनांनी मुंबईस व दिल्लीस नेऊन टेबलावर ठेवावा.