अभिरुचीचे वय आणि गीताचा शब्द

संगीताच्या आवडीनिवडीचा विचार आपल्याकडे बहुधा वयाच्या परिभाषेत केला जातो. मुलांना बडबडगीते, तरुणांना चित्रपटगीते, प्रौढांना भावगीते व नाट्यपदे, आणि उतारवयात अभंग व भजने, ही वाटणी इतकी परिचित आहे की तिच्यासाठी कोणी पुरावा मागत नाही. रागसंगीताच्या मैफलीत पिकलेली डोकी अधिक दिसतात, यावरून ते परिपक्व वयाचे संगीत होय असा निष्कर्ष काढला जातो. आणि तरुण श्रोता वळावा म्हणून संगीतशिक्षणाचा विस्तार करावा, असा उपाय सुचविला जातो. या विचारसरणीत दोन गृहीते आहेत. अभिरुची वयानुसार ठरते, हे पहिले. आणि गायनवादन शिकविले की अभिरुची घडते, हे दुसरे. गेल्या सव्वाशे वर्षांतील भारतीय संगीतशिक्षणाचा इतिहास या दोन्ही गृहीतांना अनुकूल नाही. श्रोत्यांचे वयोगट पाडण्याचे काम वयाने केले त्याहून अधिक शिक्षणाच्या व प्रसाराच्या व्यवस्थांनी केले, असे त्या इतिहासावरून दिसते. जेथे गीताचा शब्द सर्वांच्या समजुतीचा राहिला, तेथे हे गट एकमेकांपासून फारसे दुरावले नाहीत. म्हणूनच हा प्रश्न केवळ संगीतज्ञांचा उरत नाही. भारतीय साहित्यांच्या अभ्यासकांनाही त्याचे उत्तर द्यावे लागते.

१९०१ साली विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी लाहोर येथे गांधर्व महाविद्यालयाची स्थापना केली. तोवर गायनविद्या मिळवावयाची तर गुरूच्या घरी राहून, त्याची सेवा करून व मर्जी सांभाळून ती मिळवावी लागे. स्वतः पलुस्करांनी मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे ती अशीच संपादिली होती. त्यांनी या विद्येला वर्ग, वेळापत्रक, पुस्तक आणि परीक्षा दिली. प्रतिष्ठित घरांतील मुले, आणि पुढे मुलीही, उघडपणे गाणे शिकू लागली, हे त्यांचे ऋण कोणासही नाकारता येणार नाही. १९३१ साली, त्यांच्या निधनानंतर, शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापिले. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार अशा त्याच्या परीक्षांच्या पायऱ्या आजही देशभरातील विद्यार्थी चढत असतात.

या सुधारणेची किंमत मात्र प्रामुख्याने शब्दाला मोजावी लागली. मुलांपुढे व कुलीन स्त्रियांपुढे गाणे न्यावयाचे, तर बंदिशींतील शृंगार अडचणीचा होता. म्हणून पलुस्करांच्या परंपरेत अनेक ठिकाणी मूळ शब्द बाजूस सारून भक्तिपर शब्दांची योजना झाली. शिकणाऱ्याचे वय आणि समाजातील स्थान ध्यानी घेऊन काव्याची संहिताच बदलावी, ही साहित्याच्या इतिहासातील लहानसहान घटना नव्हे. तुकाराम वा सूरदास यांच्या पदांतील एखाद्या पाठभेदावर आपण प्रबंध लिहितो. परंतु बंदिशींच्या या व्यापक पाठांतराची चिकित्सा वाङ्मयविभागांत क्वचितच झाली.

विष्णु नारायण भातखंडे यांचा मार्ग निराळा होता. त्यांनी शब्द सोवळा केला नाही. शेकडो बंदिशी गोळा करून स्वरलिपीसह ‘क्रमिक पुस्तक मालिके’च्या सहा भागांत छापविल्या. तथापि विद्यार्थ्याला रागाचे नियम ध्यानात राहावेत म्हणून त्यांनी जी लक्षणगीते रचिली, त्यांत शब्द हा रागव्याकरणाचा सेवक झाला. रागाचे वादी-संवादी, वर्ज्य स्वर, गानसमय हेच या गीतांचे विषय. आरंभीच्या विद्यार्थ्याला ती उपयुक्त आहेत यात शंका नाही. पण रागाशी त्याची पहिली भेट ज्या शब्दांतून होते, ते शब्द कोणाच्याही हर्षशोकाचे नसतात. पुढे तो खऱ्या बंदिशींकडे येतो, तेव्हाही वहीत स्थायी व अंतरा उतरवून घेतला जातो आणि अर्थाची चौकशी क्वचित होते. सासू-नणंदेचा जाच, पायीच्या पैंजणांचा आवाज, पावसात न परतलेला प्रियकर हे सारे कोल्हापूरचा वा कोलकात्याचा दहा वर्षांचा मुलगा केवळ अक्षरे म्हणून गातो. ज्या ब्रज, पंजाबी किंवा मारवाडी बोलीत ही रचना झाली, ती बोली त्याला कोणी शिकविलेली नसते.

येथे साहित्याभ्यासाची उपेक्षा स्पष्ट होते. मुहम्मदशाह (राज्यकाल १७१९ ते १७४८) याच्या दरबारातील नियामतखान, म्हणजेच ‘सदारंग’, याच्या ख्यालरचना आजही देशभर गाइल्या जातात. परंपरेने त्याच दरबाराशी जोडलेला कवी घनानंद हिंदीच्या उच्च परीक्षांना नेमलेला असतो, सदारंग नसतो. एकाची रचना ग्रंथात राहिली म्हणून ती काव्य ठरली, दुसऱ्याची कंठात राहिली म्हणून ती केवळ गाण्याचे साधन ठरली. मराठीतही याच्या जोडीचे उदाहरण आहे. भातखंड्यांनी ‘हिंदुस्थानी संगीत पद्धति’ हा आपला चार भागांचा ग्रंथ १९१० पासून मराठीत, गुरुशिष्यसंवादाच्या रूपाने लिहिला. पुढे तो हिंदीत जाऊन उत्तर भारतातील संगीत महाविद्यालयांचा आधारग्रंथ झाला. शंका, प्रतिशंका, कोपरखळ्या व आख्यायिका यांनी भरलेले हे गद्य मराठी गद्याच्या इतिहासात मात्र उपरे राहिले. संगीतविभागास त्यातील राग हवे असतात, मराठी विभागास त्यातले काहीच नको असते.

वर्गांतील हे शिक्षण विद्यार्थी घडवीत होते. श्रोता अन्यत्र घडत होता. महाराष्ट्रात तो कीर्तनात, भजनी मंडळात आणि संगीत नाटकात घडला. १९१६ सालच्या ‘स्वयंवर’ नाटकाच्या पदांना भास्करबुवा बखले यांनी चाली दिल्या, त्या बहुतांशी ख्यालादी बंदिशींवरून घेतलेल्या होत्या. बालगंधर्वांच्या मुखातून ती पदे ऐकणाऱ्या प्रेक्षकांपैकी बहुसंख्यांना रागाचे नावही ठाऊक नसेल. प्रसंग ठाऊक होता, रुक्मिणीचे मन ठाऊक होते, भाषा आपली होती; त्या वाटेने राग घराघरांत पोचला. आजोबा, सून आणि नातू एकाच पदाची गुणगुण करू शकत होते, कारण नाटकगृहात किंवा देवळात प्रवेश देताना कोणी वय विचारीत नसे. अभिरुचीच्या शिक्षणाची ही व्यवस्था अनौपचारिक होती, म्हणून शिक्षणशास्त्राने तिची दखल घेतली नाही. आणि ती क्षीण झाली तेव्हा तिच्या जागी काही ठेवावे, असेही कोणास सुचले नाही.

स्वातंत्र्यानंतर हे कार्य नभोवाणीकडे आले. १९५२ साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे माहिती व नभोवाणी मंत्री झाले. रागसंगीताची राष्ट्राला गोडी लागावी, ही त्यांची तळमळ प्रामाणिक होती. त्याच वर्षी संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, कलावंतांच्या ध्वनिचाचणीची पद्धती कडक झाली, आणि चित्रपटगीतांना आकाशवाणीवर मिळणारा वेळ झपाट्याने आटला. श्रोत्यांनी याचे उत्तर वादविवादाने दिले नाही. त्यांनी रेडिओचा काटा फिरवून कोलंबोला नेला. रेडिओ सिलोनवर १९५२ मध्येच सुरू झालेली ‘बिनाका गीतमाला’ हा बघता बघता देशाचा साप्ताहिक सोहळा झाला. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी ‘विविध भारती’ सुरू करून आकाशवाणीने तडजोड स्वीकारली.

या प्रकरणाची मीमांसा करताना केसकरांना सोवळे ठरवून मोकळे होणे सोपे आहे, परंतु ते अपुरे आहे. त्यांच्या धोरणाचा दोष असा की, उत्तम संगीत वारंवार कानी पडले म्हणजे आवड उत्पन्न होईल, एवढाच शिक्षणाचा अर्थ त्यात होता. श्रोत्याला आत येण्यासाठी कोणते दार आहे, याचा विचार नव्हता. आणि तडजोडीचा परिणामही तितकाच विचारात घेण्याजोगा आहे. अभिजात एका वाहिनीवर, मनोरंजन दुसऱ्या वाहिनीवर. मुलांसाठी एक वेळ, स्त्रियांसाठी दुसरी, कामगारांसाठी तिसरी. आणि १९६९ पासून दिल्लीत तरुणांसाठी स्वतंत्र ‘युववाणी’. प्रत्येक योजना सद्‌हेतूनेच झाली. परंतु वयोगटाची आवड म्हणून आज जे निसर्गदत्त भासते, त्याचा बराच भाग या वेळापत्रकांनी घडविलेला आहे.

त्याच नभोवाणीवर, त्याच काळात, याचे प्रत्युत्तरही घडले. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीस, पुणे केंद्रावरून ‘गीतरामायण’ सुरू झाले. गजानन दिगंबर माडगूळकरांची छप्पन्न गीते सुधीर फडके यांच्या स्वरयोजनेत वर्षभर, दर आठवड्यास एक याप्रमाणे प्रसारित झाली. चालींचा पाया रागांचाच होता. परंतु ऐकणाऱ्यापुढे प्रथम पात्र आले, प्रसंग आला, सुबोध मराठी शब्द आला. कोणत्या वयासाठी हा कार्यक्रम, असा प्रश्न उद्भवलाच नाही. पुढे मूळ चाली कायम ठेवून तो हिंदी, कन्नड, तेलुगू आदी भाषांत गेला, ही गोष्ट तुलनाकारांना विशेष मोलाची वाटावयास हवी. यावर असे म्हटले जाईल की, हे यश कथेच्या पुण्याईचे व श्रद्धेचे आहे. ते काही अंशी खरे आहे. पण त्यातून मूळ मुद्द्यास बळच मिळते. अर्थ आधीच समाईक असला, तर स्वराला वयाची अट पडत नाही.

श्रद्धेचा भाग वजा केला तरी हाच अनुभव अन्य भाषांत येतो. शांतिनिकेतनात रवींद्रनाथांची गीते शिकविण्याची खरी पायरी वय ही नव्हती, प्रसंग ही होती. वर्षामंगल, वृक्षारोपण, वसंतोत्सव यांत शाळेतील मुले आणि अध्यापक तीच गीते गात. ‘गीतवितान’ची कवीने स्वतः लावलेली वाटणीही पूजा, स्वदेश, प्रेम, प्रकृती अशी विषयांची आहे; त्यात गाणाऱ्याच्या वयाचा वा रागाचा निकष नाही. गीत हे आधी काव्य आहे, ही जाणीव त्या मांडणीतच आहे. दक्षिणेत कर्नाटक संगीताचा बालविद्यार्थी सरळी, जंटा, अलंकार हे स्वराभ्यास उरकून गीतांकडे येतो, आणि पुरंदरदासांच्या मलहरी रागातील रचना त्याला लवकरच मिळतात. पण तेथेही भाषेचा प्रश्न सुटलेला नव्हता. तमिळ श्रोत्यांपुढे प्रामुख्याने तेलुगू व संस्कृत कृतीच का गाव्या, या असंतोषातून तमिळ इसै चळवळ उभी राहिली आणि १९४३ साली तमिळ इसै संघम् स्थापन झाला. त्या वादातील प्रादेशिक अभिनिवेश वगळला, तरी एक मागणी उरते: ऐकणाऱ्याला गीताचा शब्द कळण्याचा अधिकार आहे.

या प्रतिपादनावर एक गंभीर आक्षेप संभवतो. ख्यालात शब्द गौण असतो. तो स्वरात विरघळावा हीच त्या गायकीची प्रतिज्ञा. तेव्हा शब्दाचा आग्रह धरणे म्हणजे संगीतावर साहित्याची सत्ता लादणे नव्हे काय? रागाचे सौंदर्य शब्दार्थात मावत नाही, हे निर्विवाद आहे. परंतु विरघळण्यासाठीही काही असावे लागते. कुमार गंधर्वांनी देवासच्या वास्तव्यात माळव्याची लोकगीते ऐकली, त्यांच्या धुनांतून नवे राग सिद्ध केले आणि माळवी बोलीच्या वळणाने बंदिशी रचिल्या. ‘अनूपरागविलास’ (१९६५) हा त्याचा छापील पुरावा होय. बोलीचा उच्चार, तिचा आघात, तिच्यातील घरगुतीपणा यांतून लयीला आकार येतो, हे त्यांच्या गायनाने दाखवून दिले. शब्द गौण मानणे निराळे आणि शब्द न कळता तो गौण ठरविणे निराळे. पहिला कलावंताचा निर्णय आहे, दुसरा शिक्षणाचा दोष.

आजच्या परिस्थितीत हा दोष अधिक बोचतो. सर्व काळांचे, सर्व भाषांचे संगीत मोबाइलवर प्रत्येकाच्या हाती आले आहे. एका घरात चार माणसे चार श्रवणयंत्रे कानाला लावून बसलेली असतात, आणि ज्याने जे ऐकले त्याच जातीचे आणखी पुढे करणारी यंत्रणा ज्याला त्याला त्याच्याच कुंपणात ठेवते. नभोवाणीच्या वेळापत्रकाने पाडलेले गट निदान समूहाचे होते. आता गट एकेका व्यक्तीपर्यंत लहान झाला आहे. १९७७ पासून ‘स्पिक मॅके’सारख्या चळवळीने श्रेष्ठ कलावंतांना शाळा-महाविद्यालयांत नेऊन मोठे काम केले. पण एका संध्याकाळचा संस्कार टिकावयाचा तर त्याच्या मागेपुढे वर्षभराचे वाचन व श्रवण हवे, आणि ते कलावंताकडून अपेक्षिता येत नाही.

ते काम भाषा व साहित्य यांच्या विभागांचे आहे. अभ्यासक्रमात जेथे पद, अभंग, वचन, कृती, बंदिश येते, तेथे ती गाऊन वा ऐकवून शिकविली जावी; श्रवणाचे तास पाठ्यक्रमात नोंदले जावेत. सदारंगापासूनच्या बंदिशींची पाठचिकित्सा व्हावी, त्यांच्या बोलींचे कोश व्हावेत, पलुस्कर-परंपरेतील शब्दांतरांचा तौलनिक अभ्यास व्हावा. संगीत-परीक्षांनीही रागनियमांबरोबर बंदिशीच्या अर्थाचा व भाषेचा प्रश्न विचारावा. आणि विद्यापीठांतील श्रवणवर्ग पदवीच्या वर्षांनी बांधलेले न ठेवता गावातील मुलांना व निवृत्तांनाही खुले असावेत. कीर्तनाच्या मंडपात जे सहज होत होते, ते आता योजून करावे लागेल.

यातील कोणतीही सूचना खर्चिक नाही. अडचण आहे ती विभागांच्या भिंतींची, आणि गाइलेले काव्य हे छापलेल्या काव्याहून कमी दर्जाचे, या जुन्या समजुतीची. ज्या साहित्यांचा फार मोठा भाग शतकानुशतके गाऊनच टिकला, त्यांच्या अभ्यासकांना ही समजूत बाळगण्याचा अधिकार नाही. त्यांनी ती सोडली नाही, तर तरुणांना अभिजात संगीत आवडत नाही या तक्रारीचा एक वाटा त्यांच्याही नावे लिहावा लागेल.