कुंदेवाडीचा पारा आणि सरासरीचा अंदाज

डिसेंबर लागला की निफाड तालुक्यातल्या कुंदेवाडी या लहानशा गावाचे नाव राज्यभर ऐकू येते. महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे गहू संशोधन केंद्र तिथे आहे. केंद्रात रोज सकाळी किमान तापमानाची नोंद होते आणि 'निफाड गारठले' हा मथळा वर्तमानपत्रांना आयता मिळतो. डिसेंबर २०१८च्या अखेरीस इथला पारा २ अंशांच्याही खाली उतरला होता. गोठलेल्या दवाचे फोटो मोबाइलवर फिरले, पुण्या-मुंबईला मौज वाटली. द्राक्षबागायतदार त्या रात्री बांधावर शेकोट्या पेटवून बसले होते.

यंदा थंडी चांगली पडणार का, हा प्रश्न निफाडमध्ये विचारायचा तर आधी समोरच्याच्या रानात काय आहे ते पाहावे लागते. गव्हाला कडाक्याची थंडी मानवते, फुटवे भरपूर येतात. त्र्यंबक, गोदावरी, तपोवन हे गव्हाचे वाण याच केंद्राने दिले. हरभऱ्यालाही थंडी हवी, ढगाळ हवा मात्र नको, नाहीतर घाटेअळी माजते. कांद्याला फार वेळ गारठा सोसावा लागला की डोंगळे निघतात. आणि द्राक्ष? ऑक्टोबरात गोडी छाटणी झालेल्या बागेत या दिवसांत मणी फुगत असतो. पारा घसरला की फुगवण थांबते, आगाप बागेतला तयार माल तडकतो. एकाच शिवारात, एकाच रात्री, एका बांधाच्या अलीकडे समाधान आणि पलीकडे रडारड असा हा मामला आहे. 'थंडी सरासरीपेक्षा जास्त राहील' या एका वाक्यात तो मावत नाही.

तो मावावा अशी रचनाही आपण कधी केली नाही. आपले सगळे लक्ष पावसाकडे. पंचांग उघडा. मृगापासून स्वातीपर्यंत प्रत्येक नक्षत्राला वाहन आहे. म्हैस, बेडूक, कोल्हा, मोर, गाढव असा सगळा लवाजमा, आणि त्यावरून पाऊस किती पडेल याची चर्चा पारावर रंगते. स्वाती संपली की वाहने संपली. बुलडाण्यातल्या भेंडवळला अक्षय्य तृतीयेला वर्षाचे भाकीत सांगणारी घटमांडणी होते, तिथेही लोक कान देऊन ऐकतात ते मुख्यतः पावसापाण्याचेच. यात दोष कोणाचा नाही. पोट खरिपाच्या ज्वारी-बाजरीवर होते, हिवाळ्यात फार तर माणसे कुडकुडायची.

इंग्रजांनीही तेच केले. १८७५ साली हवामान खाते स्थापन झाले आणि पाठोपाठ १८७६-७८चा भयंकर दुष्काळ आला. सरकारला पावसाचा अंदाज हवा होता. खात्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफोर्ड यांनी हिमालयातल्या बर्फाचा पावसाशी संबंध जोडला आणि चार वर्षे चाचपणी करून १८८६ पासून मोसमी पावसाचा नियमित अंदाज सुरू झाला. म्हणजे हिमालयातला हिवाळासुद्धा पाहिला तो जूनसाठी. १९०४ ते १९२४ खाते सांभाळणाऱ्या गिल्बर्ट वॉकर यांनी जगभरच्या आकड्यांचा ढीग उपसला तोही पावसापायीच. त्यातून प्रशांत महासागरावरच्या हवेच्या दाबाचा जो झोका त्यांच्या हाती लागला, त्याच्याच आधारावर आज आपण एल निनो आणि ला निनाची भाषा बोलतो आणि थंडीचे आडाखेही बांधतो. खुद्द थंडीच्या हंगामाचा देशव्यापी अंदाज खात्याने काढायला सुरुवात केली २०१६च्या अखेरीस. पावसाच्या अंदाजानंतर तब्बल १३० वर्षांनी!

मधल्या काळात एक माणूस मात्र रात्रीच्या थंडीकडे निराळ्या नजरेने पाहत होता. पुण्यात कृषी हवामानशास्त्राचा पाया घालणारे एल. ए. रामदास यांनी १९३२ मध्ये सहकाऱ्यासह एक निरीक्षण मांडले. निरभ्र, निवांत रात्री उघड्या जमिनीवर सर्वांत थंड जागा जमीन नसते, जमिनीच्या किंचित वरचा हवेचा थर असतो. बाहेरच्या शास्त्रज्ञांना हे बराच काळ पटेना. आज तो थर रामदासांच्याच नावाने ओळखला जातो. शेतकऱ्याच्या दृष्टीने यातली गोम अशी, की थंडी उंचीप्रमाणे आणि जागेप्रमाणे बदलते. वेधशाळेचा तापमापक झडपांच्या पांढऱ्या पेटीत, सव्वा मीटरच्या आसपास टांगलेला असतो. कांद्याची पात त्याच्या पुष्कळ खाली, द्राक्षाचा मांडव माणसाच्या डोक्याशी. गोदावरी-कादवेच्या काठच्या खोलगट रानात जड थंड हवा साचून राहते, चढावरची बाग त्याच पहाटे निभावून जाते. नाशिक शहर इथून चाळीसेक किलोमीटरवर, पण तिथला पारा अनेकदा काही अंशांनी वर असतो.

त्यामुळे नोव्हेंबरच्या अखेरीस येणारा हंगामी अंदाज खोटा नसतो, तो गावाच्या कामाचा नसतो. 'मध्य भारतात किमान तापमान सरासरीपेक्षा अधिक राहण्याची शक्यता' हे विधान तीन महिन्यांचे आणि लाखो चौरस किलोमीटरचे. बाग मारायला एक पहाट पुरते. उबदार ठरलेल्या हिवाळ्यातही अशा दोन पहाटा येऊ शकतात. उलट थंडी मुळीच नसताना ढगाळ दमटपणाने डाउनी आणि भुरी हे रोग बाग खातात. २६ नोव्हेंबर २०२३ला अवकाळी पाऊस आणि गारांनी निफाडच्या बागांची जी दैना केली, ती कुठल्याही हंगामी सरासरीत दिसणार नाही.

बागायतदाराला हवा असतो आजच्या रात्रीचा आकडा, तोही आज दुपारपर्यंत. कारण करण्यासारखे थोडेच असते, पण असते. पाचट-काटक्या गोळा करून धूर धरायचा, पहाटे ठिबक सोडून जमीन ओली ठेवायची. त्यासाठी मोटार चालू व्हायला हवी, आणि शेतीची वीज कधी दिवसपाळीला तर कधी रातपाळीला. थंडीच्या लाटेचा इशारा आणि विजेचे वेळापत्रक ही दोन सरकारी कागदपत्रे एकमेकांना कधी भेटलेली नाहीत.

इतके बारीक काम करणारी यंत्रणा उभी राहत होती. १९४५ पासून रेडिओवर शेतकऱ्यांसाठी हवामानवार्ता होतीच. २०१८ नंतर जिल्हा पातळीवर कृषी हवामान केंद्रे निघाली आणि तालुकावार सल्ले मिळू लागले. मार्च २०२४अखेर देशातली अशी १९९ केंद्रे बंद झाली. अंदाज आता संगणकच देतो, मग मधली माणसे कशाला, असा एकंदर सूर होता. संगणक किमान तापमान देतो, हे खरे. त्या तापमानाला खोलगटातल्या बागेत काय करावे आणि चढावरच्या बागेत काय करू नये, हे मधली माणसेच सांगत होती. ही केंद्रे पुन्हा सुरू करणे ही मेहरबानी नव्हे, झालेली चूक निस्तरणे होय.

राज्यात २०१७ पासून महावेध प्रकल्पाची स्वयंचलित हवामान केंद्रे महसूल मंडळांत बसली, हे चांगले झाले. पण एका मंडळात अनेक गावे असतात, आणि हवामानावर आधारित फळपीक विम्याची भरपाई त्या एका केंद्राच्या आकड्यावर ठरते. केंद्र उंचवट्यावर असेल तर नदीकाठच्या बागेतला गारठा त्याला कळतच नाही. मणी तडकतो, भरपाई नाही. प्रत्येक मंडळात दुसरे केंद्र सखल रानात, मांडवाच्या उंचीवर बसवावे आणि रात्रीची तासातासाची नोंद गावकऱ्यांना त्याच वेळी मोबाइलवर खुली करावी. आज ती मागायची तर आधी तालुक्याला अर्ज करावा लागतो, आणि उत्तर येईपर्यंत संक्रांत उलटून जाते.