जिवंत मालाची हमी कोणी द्यावी?

आमच्या घरी त्याला विरजण म्हणतात, शेजारच्या कानडी घरी हेप्पु. एका घरचे संपले की दुसऱ्या घरची वाटी पुढे येते. दह्यातले जंतू पिढ्यान्‌पिढ्या आपल्या पोटात जात आले आहेत. परंतु तेवढ्या आधारावर औषधाच्या दुकानातील ‘प्रोबायोटिक’ची पुडी निर्धोक मानावी काय? माझ्या मते मानू नये.

पुडीत निवडक जीवाणू वाळवून भरलेले असतात. आपल्याकडील नियमाप्रमाणे दिवसाच्या मात्रेत किमान १० कोटी जिवंत जीवाणू असावे लागतात. निरोगी माणसाला त्यांचे भय सहसा नाही. आजाऱ्याचे तसे नाही. हॉलंडमध्ये स्वादुपिंडाच्या तीव्र दाहाच्या रुग्णांवर एक चाचणी झाली. २००८ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. प्रोबायोटिक घेणाऱ्या १५२ पैकी २४ रुग्ण दगावले, तर नुसते दिखाऊ औषध घेणाऱ्या १४४ पैकी ९. २०१४ साली अमेरिकेत अपुऱ्या दिवसांचे एक अर्भक दगावले. त्याला दिलेल्या भुकटीच्या न उघडलेल्या डब्यांतही बुरशी सापडली.

म्हणून तपासणी नेमकी हवी. पहिला प्रश्न वाणाचा. सगळाच तांदूळ बेळगाव बासमती नसतो, तसेच जीवाणूंचे आहे. ई. कोलाय या एकाच जातीचा एक वाण प्रोबायोटिक म्हणून विकला जातो, तर दुसरा रक्ती आव आणतो. दुसरा प्रश्न असा की, प्रतिजैविकांना दाद न देण्याचा गुण हा जीवाणू रोगजंतूंच्या हवाली तर करणार नाही ना? तिसरा, तो विष निर्माण करतो काय? आणि चौथा, पुडीत दुसरे काही मिसळले आहे काय?

आम्ही वाणिज्य शाखेचे विद्यार्थी १९३० चा मालविक्री कायदा शिकतो. खरेदीदाराने डोळसपणे खरेदी करावी, हे त्यातील तत्त्व. तांदूळ दाताखाली धरून पाहता येतो, कापड चिमटीत धरता येते. जीवाणू कशात धरायचा? त्याच कायद्याच्या १६ व्या कलमात अपवादही आहे: ग्राहक विक्रेत्याच्या जाणकारीवर विसंबून माल घेत असेल, तर माल त्या कामास योग्य असलाच पाहिजे. हा अपवाद जणू या पुडीसाठीच लिहिला आहे!

वाणाचे नाव आणि अखेरच्या तारखेपर्यंत टिकणारी जिवंत संख्या वेष्टनावर असावी, असे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद व जैवतंत्रज्ञान विभाग यांच्या २०११ च्या मार्गदर्शक तत्त्वांत सांगितलेच आहे. मी आणखी दोन मागण्या करीन. अपुऱ्या दिवसांची बालके व अतिदुर्बल रुग्ण यांच्याविषयीचा इशारा ठळक छापावा आणि सुरक्षिततेच्या चाचण्यांचे निकाल सर्वांना पाहता यावेत. याने किंमत वाढेल, असे कारखानदार म्हणतील. वाढू दे. हिशेब तपासनिसाचेही शुल्क द्यावेच लागते. म्हणून कोणी ताळेबंद न तपासता भागधारकांपुढे ठेवीत नाही.

विरजण देणाऱ्या शेजारणीला आपण ओळखतो. तिच्या घरचे दही आपण खाल्लेले असते. पुडीवाल्याची अशी ओळख नाही. तेव्हा त्याने कागद दाखवावा, आणि आपण तो मागण्यास संकोचू नये.