कुणीसे म्हटलेच आहे!

भाषणाला उभा राहिलेला गृहस्थ ‘कुणीसे म्हटलेच आहे की’ अशी सुरुवात करू लागला, की मी सावरून बसतो. त्या ‘कुणीसे’मध्ये जेवढा आळस भरला आहे तेवढा मराठीतल्या दुसऱ्या कोणत्याही शब्दात नसेल. अलीकडे या कुणाशाला नावे मिळू लागली आहेत, आणि प्रकरण अधिकच बिघडले आहे. गोड सुविचार असला की व. पु. काळे, चिमटा असला की पु. ल. देशपांडे, तरुणांना उपदेश असला की डॉ. अब्दुल कलाम, आणि यमक जुळले की खुशाल ‘तुका म्हणे’! सकाळी मोबाइलवर आलेले वाक्य संध्याकाळी अध्यक्षांच्या तोंडी असते. ते कोणत्या पुस्तकातले, असे विचारणारा मनुष्य मात्र अरसिक ठरतो.

यावर ठरलेले उत्तर असे : ‘विचार महत्त्वाचा, नावाचे काय एवढे? आपल्या संतांनी कधी नावाचा हव्यास धरला?’ असे म्हणणाऱ्यांनी संत वाचलेलेच नाहीत, हे मी स्पष्ट सांगतो. अभंगाच्या अखेरीस नाममुद्रा घालण्याची रीत कुणाची? जनाबाई तर ‘नामयाची दासी’ म्हणून आपले ऋणही तिथेच नोंदवते. आणि एवढी काळजी घेऊनही घोटाळे झालेच. नामदेवांच्या गाथेत विष्णुदास नाम्याचे अभंग मिसळले. ते निवडता निवडता अभ्यासकांचे डोळे शिणले.

या बाबतीत माझा सर्वांत मोठा साक्षीदार एकनाथ. ज्ञानेश्वरी शके १२१२ ची, म्हणजे इ. स. १२९० ची. पुढच्या तीनशे वर्षांत नकलून घेणाऱ्यांनी तिच्यात हवे ते पाठ घुसडले. तेही भक्तीने, बरे का! नाथांनी पोथ्या ताडून शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, प्रत शुद्ध केली. नाथांएवढ्या कवीला ज्ञानदेवांच्या नावावर चार ओव्या खपवणे काय अवघड होते? त्यांनी ते केले नाही. शेवटी कामाचा शक दिला, गुरूच्या नावाशी जोडलेले आपले नाव दिले, आणि यात स्वतःची ओवी घालील त्याने अमृताच्या ताटात करवंटी ठेवली असे समजावे, अशी ताकीद दिली. आज आपण ताटभर करवंट्या वाढतो आहोत आणि वर प्रसाद म्हणून वाटतो आहोत.

कायद्याचेही थोडे सांगतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे ५७ वे कलम असे, की लेखकाने आपला हक्क पुरता विकून टाकला तरी ‘हे माझे’ असे म्हणण्याचा त्याचा अधिकार शिल्लक राहतो. समीक्षेसाठी उतारा घ्यायला हा कायदा आडकाठी करीत नाही. मग अडते कुठे? लेखकाचे आणि पुस्तकाचे नाव, एवढेच तर मी मागतो आहे. तळटीपांचे जंगल नव्हे. शोधून सापडले नाही तर तसे लिहावे. पण ‘अज्ञात’ हा शब्द शोध संपल्यावर लिहायचा असतो, शोध टाळण्यासाठी नव्हे.

‘पण यात नुकसान कुणाचे?’ माझा एक मित्र खेड्यात शिक्षक होता. आयुष्यात त्याच्या दहाबारा कविता छापून आल्या. त्यांतली एक गेली काही वर्षे एका नामवंत कवीच्या नावावर फिरते आहे. परवा तालुक्याच्या एका संमेलनात त्याने ती वाचली. संयोजक व्यासपीठावरून नम्रपणे म्हणाले, ‘गुरुजी, मूळ कवीचा उल्लेख राहिला.’ गुरुजींनी खिशातून मासिकाचे पिवळे पडलेले कात्रण काढले. पण तोवर पुढच्या कवीचे नाव पुकारले गेले होते.