दमणगंगेच्या मुखाशी ऑटोमन कप्तान
नाशिक जिल्ह्यातील दिंडोरी तालुक्यात उगम पावणारी दमणगंगा जिथे समुद्राला मिळते, त्या दमणच्या किनाऱ्यावर १५५४ साली सीदी अली रईस (‘रईस’ म्हणजे जहाजाचा कप्तान) हा ऑटोमन आरमाराचा सरदार वादळाने खिळखिळी झालेली जहाजे घेऊन पोहोचला, तेव्हा गुजरातच्या सुलतानाचा तेथील किल्लेदार मलिक असद याने पोर्तुगीज आरमार जवळ असल्याची खबर देऊन त्याला सुरतेकडे निघण्याचा सल्ला दिला. परक्या दर्याबहाद्दराला वेळीच मिळालेला हा इशारा मोलाचा होता. पुढे त्याच्या अनेक खलाशांनी गुजरातेत चाकरी पत्करली. तो मात्र दिल्लीत हुमायूनचा पाहुणचार घेऊन, खुष्कीच्या मार्गाने १५५७ साली इस्तंबूलला परतला आणि त्याने ‘मिरातुल ममालिक’ हे प्रवासवृत्त लिहिले, जे नाशिकच्या इतिहासप्रेमींनी आवर्जून वाचावे.